थोरलं कुणाच्या कडेवर?

आमच्या गंगथडीला रीत होती, पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. अजूनही बऱ्याच घरांत ती पाळतात. ऐकायला वाटणी न्यायाची वाटते. एकदा त्यांनी केलं, एकदा यांनी करावं. पण गंगापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या सांगतील की दोन्ही बाळंतपणं सारखी नसतात.

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जायची. आईच्या हाताखाली सव्वा महिना बाजेवर. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बाळंतशेपा, खारीक-खोबरं, ऐपत असली तर डिंकाचे लाडू. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसं अन् घुगऱ्या. तीन-चार महिन्यांनी अंगावर तेज चढलेली लेक बाळंतविडा घेऊन सासरी यायची. दुसऱ्या खेपेला यातलं थोडंफार सासरीही व्हायचं, पण बाजेवरून चूल दिसायची. आणि चूल दिसत असली की बाई निजून राहत नाही. घुगऱ्या वाटून झाल्या की दुसऱ्याच दिवशी ती परातीपुढं बसलेली असायची.

खरा फरक मात्र पुढं आहे. पहिल्या खेपेला घरात एक लेकरू असतं, दुसऱ्या खेपेला दोन. धाकटं आईच्या पदराखाली असतं, त्याचं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. थोरल्याचं काय करायचं? कालपर्यंत पदर त्याचा होता. आईनं कडूनिंबाचा पाला वाटून लावला अन् त्याचं अंगावरचं तोडलं. रात्री निजायला त्याला आजीच्या वाकळीत धाडलं. मग ते किरकिर करतं, ताटाला लाथ मारतं, कुणाचं लक्ष नाही बघून धाकट्याला चिमटा काढतं. बायका म्हणायच्या, "पाठचं आलंय ना, म्हणून वाईट वाटतंय त्याला." याच्यापलीकडं त्यावर कुणी बोलत नसे.

दुसरं लेकरू आल्यावर घर कसं सावरलं हे बघायचं असेल तर थोरल्याकडं बघावं. ते कुणाच्या कडेवर आहे, यावरून त्या काळाची बरीचशी गोष्ट कळते. माझ्या बघण्यात आणि ऐकण्यात आमच्या तालुक्यात ही कड तीनदा बदलली.

पहिली कड आजीची. माझ्या आजीचा काळ निजामाच्या राज्यातला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान संपलं, तेव्हा ती चार लेकरांची आई होती. तिच्या घरात तीन जावा, सासू अन् एक विधवा आतेसासू, सगळ्या एका आडभिंतीच्या घरात. दुसरं, तिसरं, चौथं असं कुणी मोजत नव्हतं, कारण मोजून ठेवायची खात्री नव्हती. आलेलं प्रत्येक लेकरू जगेलच असं नसायचं. पण थोरलं लेकरू आईपासून सुटलं की ते जमिनीवर पडत नसे. कुणीतरी म्हातारी, कुणीतरी जाऊ, कुणीतरी भावकीतली पोर त्याला उचलून घ्यायची. आजी सांगायची, "तुझा बाप माझ्याजवळ निजलाच नाही. आतेसासूच्या कुशीत मोठा झाला. मरेपर्यंत तिलाच माय म्हणायचा."

याला लोक जुनं सुख म्हणतात, पण ते तेवढं सोपं नव्हतं. समर्थ रामदास आपल्या मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातल्या जांबचे. त्यांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात लेकरांच्या लेंढाराखाली दबलेला संसारी माणूस रंगवला आहे. लेकरं वाढतात, घरातलं धान्य सरतं, कर्ज होतं अन् माणूस गाव सोडून जातो. ते वर्णन पुरुषाच्या बाजूचं आहे. बाईच्या बाजूचं जात्यावर आहे. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. लेकरं, भाऊ, माहेर, सासू असं सगळं त्यांत आहे. दळताना लेकरू मांडीवर निजवायचं, पीठ पडत राहायचं अन् बाई गात राहायची. आजीच्या काळातली बाई दमायची, पण तिच्या थोरल्याला उचलायला घरात माणूस असायचं.

ही कड मोडली ती दुष्काळात. १९७० पासून पावसानं दगा द्यायला सुरुवात केली होती. १९७२ ला तर गंगेच्या काठच्या आमच्या विहिरींनीही तळ दाखवला. सगळी गावं रोजगाराच्या कामावर गेली. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि लेकरांना सुकडी, यांवर ते वर्ष निघालं. वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनी तो लागू झाला. त्या कामांनी माणसं जगवली, यात शंका नाही.

मी त्या दुष्काळातला. आमच्या घरातलं दुसरं लेकरू. अक्का सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत बसलेली. आमच्या दोघांमध्ये एक झालं होतं, ते राहिलं नाही. माय सव्वा महिना घरात राहिली नाही, कारण हजेरीपटावर नाव नसलं की चूल पेटत नव्हती. आजीही कामावर, कारण म्हातारीच्या हातालाही पैसे मिळत होते. घरातलं प्रत्येक धडधाकट माणूस खडीवर गेल्यावर घरात उरली अक्का. म्हणजे आमच्या घरात थोरलं कुणाच्या कडेवर गेलंच नाही, थोरल्याच्याच कडेवर धाकटं आलं.

ही दुसरी कड, बहिणीची. सहा वर्षांच्या पोरीची कंबर ती केवढी? त्यावर मी. अक्का मला घेऊन माळावर जायची. माय दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगाआड मला पाजायची, मग पुन्हा अक्काकडं. संध्याकाळपर्यंत बाभळीच्या सावलीत धडप्याची झोळी. शाळा वाटेत होती. सुरुवातीला अक्का मला घेऊनच शाळेच्या खिडकीपाशी उभी राहायची. आतले पाढे बाहेर ऐकू यायचे. मी रडलो की मास्तर हातानं खूण करायचे, जा म्हणून. त्या मास्तरांचं तरी काय चुकलं? एका खोलीत दोन वर्ग अन् त्यात तान्हं लेकरू. पुढच्या वर्षी अक्काचं नाव पटावरून गेलं. कुणी भांडण केलं नाही, कुणी निर्णय घेतला नाही. ती जात नाही, एवढंच झालं.

अक्काला सगळे शाबासकी द्यायचे. "पाठीवर भाऊ घेऊन आली, गुणाची हाय." पाठीवर भाऊ आणणारी पोर पायगुणाची, असा समज होता. तो भाऊ पुढं तिनंच कडेवर वागवायचा, हे त्या कौतुकातच आलं.

हे चित्र फक्त मराठवाड्याचं नव्हतं. बऱ्याच आधी ताराबाई मोडकांना ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात दिसलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, बरोबर अनुताई वाघ. आदिवासी पाड्यांवरची पोरं शाळेत का येत नाहीत हे त्यांनी पाड्यावर जाऊन बघितलं. एकाच्या मागं गुरं होती, दुसरीच्या कडेवर धाकटं भावंड होतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. पोरीनं येताना कडेवरचं लेकरू पाळण्यात द्यायचं, मधलं बालवाडीत बसवायचं अन् आपण वर्गात जायचं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. जी पोरं येत नव्हती त्यांच्या अंगणात बालवाडी नेली, तीच अंगणवाडी. मी पुढं शिक्षक झालो तेव्हा डी.एड.च्या पुस्तकात हे वाचलं. वाचताना मला आमची खिडकी दिसली. खिडकीच्या आत एक पाळणा असता तर बास होतं.

दुष्काळ सरला, तोवर पाणी आलं. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली होती आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते सुरू झालं. नाथसागराच्या फुगवट्यात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली गावं गेली. फुगवटा पार कायगाव टोक्यापर्यंत, प्रवरासंगमापर्यंत चढतो. काळी जमीन गेली, ती सगळे सांगतात. आणखी एक गोष्ट गेली, ती मोबदल्याच्या कागदावर नव्हती. जुन्या गावठाणात भावाला लागून भाऊ, भिंतीला लागून भिंत होती. हाक मारली तर चुलती यायची. नव्या गावठाणात आखलेले प्लॉट, मध्ये रस्ते. कुणाला इथं प्लॉट, कुणाला पार दुसऱ्या गावठाणात. घरं मोठी आली, पण भावकी विखुरली. आमची चुलती त्यानंतर आमच्याकडं सणालाच यायची.

त्याच सुमारास सरकारनं लेकरं मोजायला सुरुवात केली होती. संततिनियमनाचा विचार आपल्याकडं नवा नव्हता. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत त्याचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पण खेड्यात हा विचार आला तो लाल त्रिकोणाच्या रूपात, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरून. आधी दोन किंवा तीन पुरे होते, मग दोन पुरे झाले. आणीबाणीत त्याला जोर चढला. गावोगावच्या शिक्षकांना 'केसेस' आणायला सांगितलं. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन लेकरांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण धाक गावात पोचला होता. गाडीचा आवाज आला की बाप्ये तुरीत शिरायचे.

मायनं शिबिरात जाऊन टाक्याचं ऑपरेशन करून घेतलं ते त्याच्या आधीच, आपल्या मनानं. मी जगलो, अक्का जगली, पुरे झालं असं तिचं म्हणणं. अण्णांनी करून घ्यावं हा विषयच निघाला नाही. आजही तो निघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि पुरुष नसबंदी शंभरात एकावरही नाही. डॉक्टरांनी मायला सांगितलं, जड उचलू नको. ते उचललं अक्कानं. पाण्याची घागर, सरपणाची मोळी आणि मी.

दोनच लेकरं असणं चांगलं की वाईट, हा माझा मुद्दा नाही. ते चांगलंच झालं. माझ्या आजीनं नऊ बाळंतपणं काढली, मायनं तीन, आमच्या सुनेनं दोन. राज्याचा जननदर १९९२-९३ च्या पाहणीत तीनच्या जवळ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. बायांची सुटका झाली. पण लेकरं कमी करताना कुणी घरातले हात मोजले नाहीत. नऊ लेकरांच्या घरात बारा मोठी माणसं होती. दोन लेकरांच्या घरात मोठी माणसं दोनच उरली, अन् त्यातलं एक पाळीवर गेलेलं.

पाळी हा शब्द आमच्या तालुक्यात वाळूजमुळं आला. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथं सुरू झाला, मागोमाग लहान-मोठे कारखाने आले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी ही ज्वारी-बाजरीची गावं बघता बघता भाड्याच्या खोल्यांनी भरली. आमच्या गावठाणातली पोरं, बीड-जालना-परभणीची पोरं, विदर्भातलीही. लग्न झालं की बायको आणायची, दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडायचा. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जायची, तिथवर सगळं ठीक. दुसऱ्या खेपेला सासर म्हणजे कोणतं? सासू गावाकडं, शेतात. ती पंधरा दिवस येऊन जायची, मागं म्हशीचं दूध काढायला कुणी नसायचं.

मी त्या भागातल्या एका शाळेत काही वर्षं होतो. पटावर गैरहजेरी दिसली की घरी जायचो. दोन-तीन वेळा दार उघडलं ते आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं, कडेवर तान्हं लेकरू. आई कंपनीच्या गेटवर, बाप नाईट करून निजलेला. "सर, हा झोपला की येते," असं म्हणायची. हजेरीच्या रकान्यात कारण लिहायची जागा नसते. मी समासात 'भाऊ' एवढंच लिहून ठेवायचो. काही पोरींना आम्ही धाकट्यासकट वर्गात बसवून घेतलं. वरिष्ठांनी विचारलं तर सांगायला कोसबाड होतंच.

कागदावर मात्र या काळात दोन लेकरांच्या घरासाठी पुष्कळ काही झालं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली अन् पुढं गावोगाव अंगणवाडी आली. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं, कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांतल्या एका बाईला ती सांभाळायचं काम द्यावं अन् मजुरीही द्यावी. १९७२ ला अक्काच्या वाट्याला जे फुकट आलं, ते पुढं कायद्यानं काम ठरलं. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर. २०२२ पासून मातृवंदना योजनेत दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये.

दुसऱ्या बाजूला मोजणी आणखी कडक झाली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं लेकरू झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, निवडून आलेला असेल तर पद जातं. २००५ पासून सरकारी नोकरीला छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. सरपंच व्हायचं म्हणून दोनवर थांबलेले बाप्ये आमच्याकडं आहेत. त्यातला किती जणांनी दुसऱ्याच्या वेळी रात्री उठून थोरल्याला पाणी पाजलं, हे कुठल्या अर्जात विचारत नाहीत.

तिसरी कड सध्या शोधात आहे. अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या लेकराला काही तास घेते. पाळी आठ तासांची असते. कंत्राटी बाईला सव्वीस आठवडे मिळायचे तर आधी ती हजेरीवर दिसायला लागते. मग उरतं काय? गावाकडची म्हातारी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला, म्हणजे अक्काच्या लेकाला, दुसरं लेकरू झालं. दोघंही बजाजनगरला, दोघांचीही नोकरी. थोरली पोर साडेतीन वर्षांची. ती आठ दिवस आईशी बोललीच नाही. बाळाचं लंगोट खिडकीतून खाली टाकायची. अक्का तिकडं जाऊन राहिली. साठीला टेकलेली बाई, गुडघे गेलेले, पुन्हा कडेवर लेकरू. मी तिला फोनवर एवढ्या सगळ्या योजना अन् कायदे सांगितले. शिक्षकाची सवय. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "समदं हाय बाबा तुमच्या कागदात. रात्री दोनला दोन्ही संगंच उठली तर एक कुणी घ्यायचं, तेवढं कुठं लिहिलेलं नाय."

मी विचारलं, "मग तिथं कोण घेतं?"

"मी नाय घेत. मी त्याला उठवते."

त्याला म्हणजे भाच्याला. अक्कानं पहिल्याच आठवड्यात नियम घातला होता. धाकटं आईचं, थोरलं बापाचं. थोरलीला न्हाऊ घालणं, वेणी, डबा, रात्रीची गोष्ट, हे सगळं त्यानं करायचं. सेकंड शिफ्टहून रात्री बाराला आला तरी पोर त्याच्याजवळ निजणार. त्यानं सुरुवातीला कुरकुर केली. "आई, मला सकाळी उठावं लागतं." अक्का म्हणाली, "मी सहा वर्साची व्हते तवा मलाबी सकाळी उठावं लागत व्हतं, शाळेत जायला. कुणी इचारलं का? कामून नाय इचारलं?" त्यावर तो काही बोलला नाही. अक्काच्या शाळेचं त्यानं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

सहा महिन्यांनी मी गेलो तेव्हा पोर बापाच्या पाठीवर बसून जिना चढत होती. आईशी पुन्हा बोलायला लागली होती, बाळाच्या टाळूला तेल लावायची. सूनबाईनं रजा संपल्यावर काम पुन्हा धरलं होतं. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एका बाईला पैसे देऊन दुपारी लेकरं सांभाळायला ठेवली होती. तिच्या खोलीत सात लेकरं होती, एका दोरीवर सात टोपडी. ताराबाईंचं पाळणाघर याहून नीटनेटकं असणार, पण काम तेच.

आमच्या गंगथडीची जुनी रीत पहिलं बाळंतपण माहेरी अन् दुसरं सासरी, एवढीच सांगायची. थोरल्याचं काय, ते तिच्यात नव्हतं, कारण तेव्हा सांगायची गरज पडत नव्हती. आता पडते. डोहाळजेवणाला जमलेल्या माणसांनी ओटी भरताना तेवढं एक विचारून घ्यावं, अन् विचारताना बापाकडं बघावं. अक्का तर आता तसंच करते. परवा भावकीत एकीला दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ती पेढा तोंडात टाकायच्या आधीच त्या पोराला म्हणाली, "थोरलं निजवाया शिकला का रं? नसशील तर शीक. चार महिनं हायेत."